पहिला बार वाया जात नाही

प्रश्न थोडक्यात असा : ओहायोत राहणारे, मूळचे सातारा जिल्ह्यातले एक वाचक. ग्रीन कार्ड झाल्यावर त्यांनी नेमबाजीचा छंद सुरू केला. आजोबा पोलिसात होते. त्यांच्या आठवणीखातर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली जुनी ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, त्यांनी विकत घेतली. तयार काडतुसं महाग पडतात, म्हणून तळघरात स्वतःच काडतुसं भरायला शिकले. पहिल्या वीस नव्या पितळी पुंगळ्यांपैकी (काडतुसाची रिकामी नळकांडी) बारा तिसऱ्या-चौथ्या वापरातच बुडाजवळ तडकल्या. त्यातली एक तर दोन तुकडे होऊन चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, अडकली. आता शंभर नव्या पुंगळ्या आणल्या आहेत. रेंजवरचे एक वयस्कर गृहस्थ सांगतात, 'रबरी रिंग लावून, हलक्या लोडने (कमी पावडर भरून) आधी सगळ्या फायरफॉर्म, म्हणजे उडवून चेंबरच्या आकाराच्या, करून घे.' दुसरे म्हणतात, 'थोतांड आहे, दर वेळी डायमधून (मापात आणायच्या साच्यातून) पूर्ण दाबून काढ.' तिसऱ्यांचा उपाय, 'तीन नंबरचं बोल्टहेड बसव' (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचं, म्हणजे बोल्टचं, पुढचं टोक). वाचकांनी हलक्या लोडचा प्रयोग करून पाहिला, तर प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोप्या, बुडाबाहेर आलेल्या दिसल्या. घाबरून ते थांबले. ते विचारतात, 'शंभर गोळ्या, शंभर प्रायमर आणि एवढी पावडर नुसती पितळेला आकार द्यायला जाळायची का? उन्हाळ्यात ओहायोतल्याच कॅम्प पेरीला जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धेत उतरायचं आहे. बायको म्हणते, हा छंद आहे की भंगाराचा धंदा?'

नमस्कार.

तुमच्या तिन्ही सल्लागारांना मी खोटं पाडणार नाही. तिघंही आपापल्या रायफलीबद्दल बोलताहेत. तुमच्या रायफलीबद्दल अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून आधी तिच्याकडे पाहू.

तडकलेल्या पुंगळ्यांचा दोष तुम्ही पितळेच्या माथी मारला आहे. 'माल निकृष्ट निघाला' हे तुमचं वाक्य. मला तसं वाटत नाही. पितळ वाईट किंवा ठिसूळ असतं तर बहुधा मानेपाशी उभी चीर गेली असती. तुमच्या पुंगळ्या बुडापासून अर्ध्या इंचाच्या आसपास, आडव्या, गोल फिरून तडकल्या आहेत. ही जागा आणि ही दिशा एकच गोष्ट सांगते : पुंगळी लांबीत ताणली गेली.

थ्री नॉट थ्रीची पुंगळी चेंबरमध्ये अडते ती रिमवर, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या काठावर. खांद्यावर, म्हणजे मानेकडे निमुळत्या होणाऱ्या भागावर, नाही. नळीचं मागचं तोंड आणि बोल्टचा चेहरा यांच्यामध्ये रिमसाठी जेवढी जागा असते ती या रायफलीची हेडस्पेस. ब्रिटिश लष्करी मापात ती ०.०६४ इंचापासून ०.०७४ इंचापर्यंत चालते. म्हणजे दहा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाव मिलिमीटरची सूट मुळातच दिलेली. त्यात बाजारातल्या पुंगळ्यांची रिम बऱ्याचदा ०.०६४ पेक्षा पातळ भरते. समजा तुमच्या रायफलीची हेडस्पेस ०.०७० आहे, अगदी नियमात बसणारी, आणि रिम आहे ०.०५८. पुंगळीचं बूड आणि बोल्ट यांच्यात बारा थाऊची फट राहिली, आणि तीही रायफल पूर्ण निर्दोष असताना.

आता चाप ओढला. पिनच्या ठोक्याने पुंगळी पुढे सरकते आणि रिम नळीला टेकते. दारू पेटते, दाब चढतो. पुढच्या भागाची भिंत पातळ असते, म्हणून ती आधी फुगते आणि चेंबरला घट्ट चिकटते. बूड जाड असतं, ते फुगत नाही, पण बोल्टला टेकेपर्यंत मागे रेटलं जातं. पुढचा भाग धरून ठेवलेला आणि मागचा मागे निघालेला, अशा ओढाताणीत जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथलं पितळ ताणलं जातं. सगळेच्या सगळे बारा थाऊ, पहिल्याच बाराला. ली-एनफिल्डचा बोल्ट पुढे नाही, मागच्या बाजूला अडकतो. त्यामुळे बार उडताना रायफलीचं अंगही (बोल्ट बसतो तो सांगाडा) किंचित लवतं आणि या ताणात थोडी भर घालतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुंगळी बरीच वर्षं टिकली असती. पण तुमच्या चेंबरमध्ये खांद्यापुढेही ऐसपैस जागा आहे. ही रायफल पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या चिखलात चालायला हवी होती. कितीतरी कारखान्यांची, मापाला कमीजास्त असलेली काडतुसंही तिने गिळायला हवी होती. रिकामी पुंगळी कुणी उचलून परत भरेल हा विचार लष्कराला शिवण्याचं कारणच नव्हतं. म्हणून पहिल्या बाराला खांदा पुढे फेकला जातो. एक नवी आणि एक उडवलेली पुंगळी शेजारी ठेवून बघा, मोजायची गरज नाही, डोळ्यांना दिसतं. मग तुम्ही घरी येऊन ती फुल लेंग्थ डायमध्ये (पूर्ण पुंगळी दाबणाऱ्या साच्यात) दाबता आणि डाय खांदा पुन्हा पहिल्या जागी ढकलते. पुढच्या बाराला तो पुन्हा पुढे जातो, बूड पुन्हा मागे येतं आणि ताण पुन्हा त्याच रेषेवर पडतो. तार एकाच जागी चार वेळा वाकवली की तुटते, तसंच हे. तिसऱ्या-चौथ्या वापराला तुमच्या बारा गेल्या यात मला नवल वाटत नाही. उरलेल्या आठ अजून शाबूत कशा, याचं जरा वाटतं.

दर वेळी पूर्ण दाबा म्हणणारे गृहस्थ बहुतेक .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर अशा खांद्यावर अडणाऱ्या काडतुसांच्या रायफली चालवत असतील. तिथे त्यांची पद्धत नीट चालते. ती कशी, ते खाली सांगतो.

म्हणजे वयस्कर गृहस्थ बरोबर? रिंगेच्या बाबतीत, हो. युक्ती फार जुनी आणि फार साधी आहे. नव्या पुंगळीवर रिमच्या लगेच पुढे एक पातळ रबरी ओ-रिंग चढवायची. काही जण पोरींच्या वेणीला लावायचे बारीक रबर वापरतात, तेही चालतं. बोल्ट बंद करताना ती रिंग रिम आणि नळी यांच्यात दबते आणि पुंगळीला मागे, बोल्टच्या चेहऱ्याशी धरून ठेवते. म्हणजे बार उडायच्या आधीच फट मिटलेली असते. आता बूड मागे जायला जागा नाही, म्हणून पुंगळी लांब होते ती पुढून : खांदा फुगून चेंबरचा आकार घेतो. खांद्याजवळचं पितळ पातळ आणि मऊ असतं, त्याला हे सोसतं. फायरफॉर्मिंग म्हणतात ते एवढंच.

त्यानंतरचं पथ्य जास्त महत्त्वाचं, आणि ते सांगायला तुमचे गृहस्थ विसरलेले दिसतात. एकदा आकार घेतलेली पुंगळी पुन्हा फुल लेंग्थ डायमध्ये तळापर्यंत दाबली तर रिंगेची सगळी मेहनत पाण्यात. तिची फक्त मान आवळायची. त्यासाठी नेक सायझिंग डाय वेगळी मिळते. मग पुंगळी चेंबरमध्ये स्वतःच्याच खांद्यावर टेकून बसते, रिमची जाडी किती याला अर्थ उरत नाही आणि रिंगही लागत नाही. पाच-सहा वापरांनंतर बोल्ट बंद करताना जड वाटू लागला तर फुल लेंग्थ डाय थोडी वर धरून खांदा एक-दोन थाऊ मागे ढकला. एक-दोनच. डायचा स्क्रू आठवा हिस्सा फिरवायचा, पुंगळी रायफलीत घालून बघायची, पुन्हा थोडा फिरवायचा, असं हळूहळू. तुमच्या स्पर्धेत जलद मारायची फेरी असते. तिथे घट्ट बोल्टशी झटापट करत बसलात तर वेळ संपेल, तेव्हा स्पर्धेच्या आठवड्यात प्रत्येक भरलेलं काडतूस रायफलीत बसतं का हे तपासून घ्या. ते रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. तळघरात नाही.

आणखी एक. या पुंगळ्या आता तुमच्या रायफलीच्या झाल्या. मित्राच्या थ्री नॉट थ्रीमध्ये त्या बसतील याची खात्री नाही. डब्यावर रायफलीचा क्रमांक लिहून ठेवा.

आता 'हलक्या लोड'बद्दल. पत्रातला हा भाग वाचून मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो, कारण इथे तुमचं गृहीतक धोक्याचं आहे. हलकं म्हणजे सुरक्षित, आणि जितकं हलकं तितकं जास्त सुरक्षित, असं तुम्ही धरून चालला आहात. रायफलीच्या पावडरींचं तसं नसतं. सावकाश जळणारी पावडर मोठ्या पुंगळीत फारच थोडी घातली तर ती नीट पेटत नाही. कधी गोळी नळीतच अडकते आणि ते लक्षात न येता मागून दुसरी उडवली तर नळी फाटते. कधी उलटं होऊन दाब अचानक बेफाम चढल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत. म्हणून फायरफॉर्मिंगसाठी छापील लोडिंग मॅन्युअलमधलं तुमच्या गोळीच्या वजनाचं सुरुवातीचं प्रमाण घ्या, त्याच्या खाली जाऊ नका. शिशाच्या ओतीव गोळ्यांचे मंद लोड मॅन्युअलमध्ये वेगळे दिलेले असतात, त्यांची पावडरही वेगळी असते. ते वापरायचे तर जसेच्या तसे. मी इथे एकही आकडा देत नाही, कारण सदरात वाचलेल्या आकड्यावर कुणी काडतूस भरू नये. जास्तीच्या टोकाकडेही जाऊ नका. तुमची रायफल नंबर १ मार्क ३ जातीची आहे. तिचं अंग पुढच्या काळातल्या नंबर ४ एवढं भक्कम नाही आणि वयाने ती आपल्या दोघांपेक्षा मोठी असायची शक्यता आहे.

प्रायमर बाहेर आले म्हणून तुम्ही थांबलात. थांबलात ते योग्य, पण घाबरायचं कारण नव्हतं. पिनच्या ठोक्याने पुंगळी पुढे गेली, प्रायमर पेटताना स्वतः मागे सरकून बोल्टला टेकला. भरगच्च लोड असता तर पाठोपाठ बूडही मागे आलं असतं आणि त्याने प्रायमरला पुन्हा आत बसवलं असतं. हलक्या लोडमध्ये बुडाला मागे रेटण्याइतका दाबच झाला नाही, म्हणून प्रायमर बाहेर राहिला. म्हणजे तुम्ही जे पाहिलं ते जास्त दाबाचं लक्षण नव्हतं. तुमच्या रायफलीतली फट तुमच्या समोर उभी होती! कॅलिपरने प्रायमर किती बाहेर आहे ते मोजा. तो आकडा म्हणजे बूड आणि बोल्ट यांच्यातलं अंतर, साधारण तेवढंच. हे मोजमाप त्या मंद लोडपुरतंच खरं. पूर्ण लोडने उडवलेल्या पुंगळीत प्रायमर सपाट बसलेला दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो, ताण मात्र आत पडून गेलेला असतो.

हा आकडा दहा-बारा थाऊच्या वर निघाला तर पुढचा बार न उडवता रायफल जाणत्या गनस्मिथकडे (बंदुकांच्या कारागिराकडे) न्या आणि गेजने (हेडस्पेस तपासायच्या मापाने) तपासून घ्या. ०.०६४ च्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. हे खरं तर रायफल घेतली त्याच दिवशी करायचं काम. या रायफली पेट्यांमधून समुद्रापार आल्या आहेत आणि वाटेत कुणाचा बोल्ट कुणाच्या अंगाला लागला याचा भरवसा नसतो. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि अंगावरचा क्रमांक जुळतो का बघा.

तीन नंबरच्या बोल्टहेडचा सल्ला मात्र सरळ बाजूला ठेवा. ० ते ३ अशा क्रमांकांची, एकापेक्षा एक किंचित लांब बोल्टहेडं नंबर ४ रायफलीसाठी होती. तुमच्या नंबर १ ला ती बसत नाहीत. तिची बोल्टहेडं बिनक्रमांकाची असतात, चार-पाच जमवून त्यातलं लांब कोणतं ते मोजून शोधावं लागतं, आणि हेही गनस्मिथचं काम आहे. शिवाय हेडस्पेस मर्यादेत असेल तर बोल्टहेड बदलून मिळणारं सगळं रिंग लावूनही मिळतं, काही पैशांत.

पुंगळ्यांना तेल किंवा ग्रीस लावून उडवायची एक शाळा आहे, तुमच्या रेंजवरही भेटेल. तेलकट पुंगळी चेंबरला चिकटत नाही, सगळीच मागे सरकते, म्हणून ताणली जात नाही, हे खरं. पण मग तिचा सगळा धक्का बोल्टवर येतो. शंभरीकडे झुकलेल्या रायफलीत मी हे करणार नाही, तुम्हीही करू नका.

आता पैशांचं. 'नुसती पितळेला आकार द्यायला जाळायची का' असं तुम्ही विचारता. हे शंभर बार मातीच्या ढिगाऱ्यात मारायला कुणी सांगितलं? तुमची स्पर्धा २०० यार्डांवर होते, झोपून सावकाश, झोपून जलद आणि उभ्याने. गुण सगळ्यांचे जातात ते उभ्याने मारताना, आणि सरावाला माणूस तेवढंच टाळतो. हे पहिले बार उभ्याने मारा. रिंग लावलेलं नवं काडतूस तुमच्या उत्तम लोडइतकं एकवट्ट मारणार नाही, पण उभ्याने तुमचा आणि माझा हात जेवढा हलतो त्यापुढे तो फरक दिसायचा नाही. गोळ्या स्वस्तातल्या घ्या, फक्त जाडी बघून. थ्री नॉट थ्रीच्या नळ्यांना ०.३११-०.३१२ इंचाच्या गोळ्या लागतात, नेहमीच्या .३०८ च्या नाहीत. असा हिशेब केला तर फायरफॉर्मिंगचा निव्वळ खर्च उरतो तो रबरी रिंगांचा. बायकोला हेच सांगा. मात्र तिचा प्रश्न अगदीच हसण्यावारी नेऊ नका. बारा पुंगळ्या तीन वापरांत भंगारात गेल्या तेव्हा तो भंगाराचाच धंदा होता.

मला विचाराल तर शंभर एका दमात करू नका. आधी दहा. पाच रिंग लावून, पाच तशाच, लोड तोच. नंतर बिनरिंगेच्या पाचांच्या आत टोकाला वाकवलेली बारीक तार घालून बुडाकडून वर ओढा. भिंत ताणली असेल तिथे तारेच्या टोकाला खाच लागते. पेपरक्लिप सरळ करून टोक घासून घेतलं की हे हत्यार तयार. पहिल्याच बारानंतर खाच जाणवेलच असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्यानंतर जाणवते. बाहेरून त्याच जागी चकचकीत वळं दिसू लागलं तर तारेची वाट न पाहता पुंगळी बाद करा. या दहांचा निकाल बघितलात की रेंजवरच्या तिघांत कोण बरोबर हे मला विचारावं लागणार नाही. मग उरलेल्यांपैकी पन्नास-साठ फायरफॉर्म करा. स्पर्धेला तेवढ्या पुरतात. बाकीच्या नव्याच ठेवून द्या. या मापाच्या पुंगळ्या हव्या तेव्हा मिळतातच असं नाही.

रिंगेबाबत दोन बारीकसारीक गोष्टी. बोल्ट बंद होताना रिंगेचा हलका दाब जाणवला पाहिजे. जोर लावावा लागला तर रिंग जाड आहे. आणि प्रत्येक बारानंतर रिंग किंवा तिचे तुकडे बाहेर आले का हे बघितल्याशिवाय पुढचं काडतूस आत घालू नका. मॅगझिन भरून मारायचं हे काम नाही, एकेक घालून मारायचं. डोळ्यांना चष्मा लावूनच. पुंगळी पुन्हा कधी दोन तुकडे झाली तर पुढचा तुकडा काढायला तुटक्या पुंगळीचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. लष्करातही तो दिला जात असे, यावरून ही अडचण किती जुनी ते समजा. स्क्रूड्रायव्हर घालून चेंबर ओरबाडू नका.

ज्या वाचकांकडे थ्री नॉट थ्री नाही, त्यांनी वरचं सगळं आपल्या रायफलीला लावू नये. .३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमूर यांची पुंगळी रिमवर अडत नाही, खांद्यावर अडते. तिथे रिंगेचा उपयोग नाही आणि चेंबर नेहमीच्या मापाचा असेल तर वेगळ्या फायरफॉर्मिंगचीही गरज नाही. नव्या पुंगळ्या भरा, मारा, शिकारीलाही न्या. एकदा उडवल्यावर खांदा कुठे गेला ते कम्पॅरेटरने (कॅलिपरला लावायच्या मापाच्या जोडाने) मोजा आणि तिथून एक-दोन थाऊ मागे येईल एवढीच फुल लेंग्थ डाय लावा. डायच्या कागदावर 'शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून वर पाव फेरा' असं लिहिलेलं असतं, त्यावर डोळे मिटून विसंबू नका. या पुंगळ्यांत अतिमंद लोड उलट नुकसान करतो. पिनच्या ठोक्याने खांदा मागे बसतो, दाब त्याला पुन्हा पुढे आणायला अपुरा पडतो आणि फट वाढत जाते. नव्या पितळेत आणि एकदा उडवलेल्या पितळेत गोळीचा वेग थोडा वेगळा येतो, तेव्हा अखेरचा लोड एकदा उडवलेल्या पुंगळ्यांत ठरवावा. .३०० विन मॅगसारख्या, बुडाशी उंच पट्टा असलेल्या पुंगळ्या कारखान्यातून पट्ट्यावर अडतात, पण पहिल्या बारानंतर त्यांनाही खांद्यावर अडवायची सवय लावता येते.

खरंखुरं, टाळता न येणारं फायरफॉर्मिंग लागतं ते ॲक्ली इम्प्रूव्हड जातीच्या चेंबरना. पार्कर ॲक्ली या अमेरिकन गनस्मिथने नेहमीच्या पुंगळ्यांचा उतार कमी करून आणि खांदा चाळीस अंशांचा करून आत जास्त पावडर मावेल अशी रूपं तयार केली. त्यात नेहमीचं काडतूस उडवायचं आणि बाहेर येते ती नव्या आकाराची पुंगळी. हे सुरक्षित राहतं, कारण असा चेंबर मूळ मापापेक्षा चार थाऊ आखूड कापतात आणि नवं काडतूस मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे किंचित चेपून घट्ट बसतं. तुमचा चेंबर तसा कापलेला आहे का हे गनस्मिथकडून कळल्याशिवाय पहिला बार उडवू नका. गोळी न वापरता, पिस्तुलाची पावडर आणि वर क्रीम ऑफ व्हीट भरून पुंगळ्या फुगवायचीही एक पद्धत आहे. क्रीम ऑफ व्हीट म्हणजे आपला रवाच की. नवशिक्यांनी त्याचा उपमा करावा. पावडरीवर काहीही ठासून भरलं की दाबाचं गणित बदलतं, आणि ते गणित मॅन्युअलमध्ये छापलेलं नसतं.

थोडं कायद्याबद्दल, कारण हे सदर भारतातही वाचलं जातं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. थ्री नॉट थ्री तर तिथे सामान्य नागरिकाला मिळतच नाही, प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. परवान्याच्या रायफली .३१५ च्या दिसतात त्या यामुळेच. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची झाली तर लागतो. आपल्या मंडळींपैकी अनेक जण एच-१बी वर आहेत, त्यांच्यासाठी ठळक सांगतो : नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद, पण त्याच्या अटी वकिलाकडून समजून घ्या, रेंजवरच्या मित्राकडून नाही. तुमचं ग्रीन कार्ड झालं आहे, प्रश्न मिटला. मात्र गावी जाताना आठवण म्हणून एखादं काडतूस खिशात किंवा बॅगेच्या कप्प्यात राहू देऊ नका. मुंबईच्या विमानतळावर जिवंत काडतूस सापडलं तर गुन्हा दाखल होतो. रिकाम्या पुंगळीनेही सुट्टीतले दिवस चौकशीत जाऊ शकतात. रेंजवर नेता ती बॅग भारतात न्यायचीच नाही, हा सोपा मार्ग.

तळघर वापरता म्हणालात. घरात मुलं असतील तर प्रायमर निघालेल्या पुंगळ्या धुण्याच्या मशीनजवळ घासू नका. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, कोरड्या टम्बलरच्या (पुंगळ्या घासायच्या यंत्राच्या) धुळीत तेच उडतं. ते काम बाहेर करा, नंतर हात साबणाने धुवा.

जाता जाता आजोबांबद्दल. ईशापूरने पोलिसांसाठी थ्री नॉट थ्रीच्या अंगावर .४१० ची, बिनखाचांच्या नळीची मस्केटही बरीच बनवली होती. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. आजोबांच्या खांद्यावर नेमकी कोणती होती हे घरातल्या जुन्या फोटोवरून बहुधा कळणार नाही. तुमच्या रायफलीचं मोल त्याने कमी होत नाही, पण मुलांना सांगताना 'अशीच होती' म्हणा, 'हीच होती' नको.

पहिल्या वीसातल्या त्या उरलेल्या आठ पुंगळ्या तारेने तपासायच्या भानगडीतही पडू नका. एवढे वापर फुल लेंग्थ डायमधून झाल्यावर त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. पक्कडीने तोंड चेपा, म्हणजे चुकून कुणी पुन्हा भरणार नाही, आणि पितळेच्या भंगारात द्या. त्याचे दोन पैसेही येतील.